पदार्थविज्ञानाकडून प्रथिनांकडे

जीवशास्त्रातील प्रश्नांची उत्तरे सूक्ष्मदर्शकाखाली अथवा परीक्षानळीतच शोधावयाची असतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. गणित आणि संगणक यांच्या साहाय्याने सजीवांतील रेणूंचा अभ्यास करणाऱ्या संगणकीय जीवशास्त्राने तो मागे सारला. या शास्त्राची पायाभरणी होत असताना नुकताच पदवीधर झालेला एक विद्यार्थी त्या कार्यात कसा सहभागी झाला, हे मायकेल लेविट यांच्या उदाहरणावरून समजते.

लेविट यांचा जन्म १९४७ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. १९६७ साली त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजातून पदार्थविज्ञानाची पदवी घेतली. मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडणाऱ्या जॉन केंड्रू यांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेत संशोधन करावे, अशी लेविट यांची इच्छा होती; परंतु त्या वर्षी तेथे जागा नव्हती. तेव्हा मधल्या काळात इस्रायलमधील वाइझमान संस्थेत श्नायोर लिफ्सन यांच्याकडे काम करावे, असे केंड्रू यांनी सुचविले.

लिफ्सन यांचे विद्यार्थी आरिएह वॉर्शेल यांच्यासमवेत लेविट यांनी तेथे रेणूंची ऊर्जा मोजणारी आज्ञावली रचली. तिच्यामागील कल्पना साधी आहे. दोन अणूंमधील बंध ही एक लहानशी स्प्रिंग मानावी. ती ताणली अथवा दाबली, की ऊर्जा वाढते. बंधांमधील कोन बिघडला, किंवा परस्परांशी न जोडलेले अणू फार जवळ आले, तरीही तसेच घडते. या सर्वांची बेरीज म्हणजे रेणूची ऊर्जा. उतारावरील पाणी जसे सखल जागेकडे जाते, तसे अणूंना थोडेथोडे हलवीत ही बेरीज कमी करीत नेली, की रेणूची स्थिर रचना हाती येते.

स्प्रिंगचे गणित पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास परिचित असते. अडचण होती ती आकारमानाची. मायोग्लोबिनमध्ये १५३ ॲमिनो आम्ले असून हायड्रोजन वगळूनही हजाराहून अधिक अणू असतात. एवढी आकडेमोड हाताने होणे शक्य नव्हते; वाइझमान संस्थेच्या ‘गोलेम’ या संगणकाने ती शक्य केली. १९६८ साली लेविट केंब्रिजला गेले. पुढील वर्षी त्यांनी व लिफ्सन यांनी मायोग्लोबिन आणि लायसोझाइम या संपूर्ण प्रथिनांना ही रीत लावून दाखविली.

प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत मात्र बंध तुटतात व नवे जुळतात; तेथे स्प्रिंगची कल्पना अपुरी पडते. म्हणून १९७६ साली वॉर्शेल आणि लेविट यांनी क्रिया घडते त्या लहानशा भागापुरते पुंजयामिकीचे गणित योजले व उर्वरित प्रथिनासाठी जुनीच रीत ठेवली. अशा बहुस्तरीय प्रतिकृतींच्या विकासाबद्दल त्या दोघांना मार्टिन कारप्लस यांच्यासमवेत २०१३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जीवशास्त्राकडे वळताना लेविट यांनी पदार्थविज्ञान सोडले नाही. ते बरोबर नेले. आणि जागेच्या अभावी अन्यत्र घालवावे लागलेले ते वर्षच त्यांच्या पुढील संशोधनाचा पाया ठरले.