चित्र अडते कोठे?

(टीव्हीवरील व्हिडिओ-प्रवाहाचे दोष शोधण्याचा एक पाठ)

प्रस्तावना

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले नाही, तर ओतूरच्या शिवारात दारे धरणारा शेतकरी वाफ्याला दोष देत नाही. खांद्यावर फावडे टाकून तो पाटाच्या कडेने उलट चालू लागतो. चारी कोठे फुटली आहे, पालापाचोळा कोठे तुंबला आहे, वरच्या शेतकऱ्याने दार मोडून पाणी कोठे वळविले आहे, हे तो पाहतो. आणि दोष सापडला म्हणजे तेवढाच दुरुस्त करतो. सगळा पाट नव्याने खणण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही.

हाच शेतकरी सायंकाळी घरी टीव्हीसमोर बसतो. चित्र धूसर होते, पडद्यावर वर्तुळ फिरू लागते, आणि "संच जुना झाला, बदलला पाहिजे" असे म्हणून तो मोकळा होतो. सकाळचा विवेक सायंकाळी त्याच्या उपयोगी पडत नाही. कारण पाण्याचा पाट डोळ्यांना दिसतो, चित्राचा पाट दिसत नाही.

शाळेतही पुष्कळदा असेच घडते. लोकवर्गणीतून आणलेला संच पाठाच्या ऐन मध्यावर अडतो. मुले चुळबुळ करू लागतात, शिक्षकांचा विरस होतो. असे तीन-चार वेळा झाले की संचावर कापड पडते आणि ते पुन्हा निघत नाही. गावाने पोटाला चिमटा घेऊन दिलेले साधन बहुधा एखाद्या सैल वायरीपायी किंवा चुकीच्या जागी ठेवलेल्या राऊटरपायी निकामी ठरते. हे टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.

हेतुकथन

चित्राचा प्रवाह कोणत्या वाटेने येतो, त्या वाटेवर दोष कोठे उत्पन्न होतात आणि नवी वस्तू विकत घेण्यापूर्वी ते क्रमाने कसे शोधावेत, हे या पाठात पाहावयाचे आहे. या कामास यंत्रशास्त्राच्या पदवीची गरज नाही. निरीक्षण, नोंद आणि धीर या तीन गोष्टी पुरेत.

विषयविवेचन

(१) प्रवाहाची वाट

दूरदर्शनचे प्रक्षेपण आणि इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ यांत मूलभूत फरक आहे. जुलै २०२० मध्ये, शाळा बंद असताना, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ती एका घराने पाहिली काय किंवा हजार घरांनी पाहिली काय, प्रक्षेपणास फरक पडत नव्हता. सार्वजनिक विहिरीवरील भोंगा जसा साऱ्या आळीला एकदमच ऐकू येतो, तसा हा प्रकार. इंटरनेटवर मात्र प्रत्येक घर आपापली स्वतंत्र धार ओढून घेते. म्हणून रात्री आठच्या सुमारास, सारे गाव एकाच वेळी पाहावयास बसले म्हणजे, धार बारीक होऊ शकते.

ही धार पाच टप्प्यांनी घरात येते. पहिला टप्पा, दूरवरचा संगणक, जेथे चित्र साठविलेले असते. दुसरा, तेथून गावापर्यंतची वाट. ही बहुधा काचतंतूची किंवा मोबाईल मनोऱ्याची असते. तिसरा, घरातील राऊटर. चौथा, राऊटरपासून टीव्हीपर्यंतचे अंतर, जे वाय-फायच्या लहरींनी किंवा वायरीने पार होते. पाचवा, टीव्ही बॉक्स, स्टिक अथवा प्रत्यक्ष संच.

पाठविताना चित्राचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या ठळक व फिक्या अशा अनेक प्रती तयार असतात. बॉक्स दर वेळी धारेचा वेग अजमावतो आणि झेपेल ती प्रत मागवितो. शिवाय पुढचे काही तुकडे तो आधीच साठवून ठेवतो. हा साठा म्हणजे शेतातील हौद होय. धार बारीक झाली की प्रथम फिकी प्रत येते आणि चित्र धूसर होते. हौद रिता झाला की वर्तुळ फिरू लागते. यास बफरिंग म्हणतात.

वेगाचे माप मेगाबिटमध्ये सांगतात. ७२० रेषांच्या चित्रास दर सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट, १०८० रेषांच्या चित्रास सुमारे ५ मेगाबिट आणि ४के चित्रास १५ किंवा अधिक मेगाबिट लागतात. मेगाबिट व मेगाबाइट यांची गल्लत करू नये. ८ बिटांचा १ बाइट होतो; म्हणजे ४० मेगाबिटची जोडणी सेकंदाला ५ मेगाबाइटच आणते. हे गणित पाचवीच्या मुलांसही सहज करता येईल.

(२) लक्षणांची पारख

वैद्य जसा औषधापूर्वी लक्षणे विचारतो, तसे येथेही करावे.

चित्र धूसर, चौकड्यांचे दिसते, पण थांबत नाही: धार बारीक आहे, अथवा अॅपमध्ये 'डेटा बचत' चालू आहे.

चित्र थांबते, वर्तुळ फिरते, पुन्हा चालते: धार मधून मधून तुटते.

आवाज सरळ येतो, पण चित्र धक्के देत चालते: बॉक्सची शक्ती कमी पडते, तो तापला आहे किंवा त्यातील साठवणीची जागा भरली आहे.

बॉक्स आपोआप बंद होऊन चालू होतो: वीजपुरवठा अपुरा आहे. स्टिकला टीव्हीच्या यूएसबी खाचेतून वीज दिली असल्यास हा दोष विशेष आढळतो.

वेग भरपूर असूनही एखाद्याच सेवेचे चित्र कायम फिके राहते: त्या सेवेने त्या बॉक्सला ठळक चित्राची परवानगी दिलेली नसते. अनेक स्वस्त, अप्रमाणित बॉक्सच्या बाबतीत असे घडते. येथे राऊटर बदलून काहीही साधत नाही.

(३) शोधाचा क्रम

आता ओतूरच्या जुन्या पेठेतील एखादे घर कल्पावे. दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, राऊटर ओटीवर, टीव्ही माजघरात. रात्री चित्र अडते. दुकानदार म्हणतो नवा बॉक्स घ्या, शेजारी म्हणतो कंपनी बदला, आणि घरातील मुलगा म्हणतो महिन्याची योजना वाढवा. तिन्ही सल्ल्यांना पैसे लागतात, आणि तिघांपैकी एकानेही पाट चालून पाहिलेला नाही.

अशा वेळी वाटेच्या मध्यावर उभे राहून विचारावे: दोष अलीकडे की पलीकडे? त्यासाठी चार परीक्षा पुरतात.

पहिली परीक्षा. पेन ड्राइव्हवरील चित्रफीत त्याच बॉक्सवर किंवा संचावर लावावी. तीही धक्के देत असेल, तर इंटरनेट निर्दोष धरून बॉक्स, एचडीएमआय वायर व संच तपासावा. ती सुरळीत चालली, तर संचाची बहुतांशी सुटका झाली.

दुसरी परीक्षा. मोबाईलचा डेटा बंद करून, फक्त वाय-फायवर, राऊटरपासून दोन हातांवर उभे राहून वेग मोजावा. येथेच वेग कमी भरला, तर दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे.

तिसरी परीक्षा. तोच मोबाईल टीव्हीजवळ नेऊन तसाच वेग मोजावा. समजा, ओटीवर ४० मेगाबिट भरले आणि माजघरात अवघे २. मग दोष भिंतींत आहे, हे निराळे सांगावयास नको.

चौथी परीक्षा. शक्य असल्यास राऊटरपासून बॉक्सपर्यंत तात्पुरती वायर ओढावी. वायरीने चित्र सुधारले, तर वरील निष्कर्ष पक्का झाला.

या परीक्षा सकाळी एकदा व रात्री एकदा कराव्यात. राऊटरजवळही सकाळी वेग चांगला आणि रात्री वाईट भरत असेल, तर दोष घराबाहेरच्या गर्दीत आहे. काचतंतूची जोडणी असल्यास राऊटरवरील 'एलओएस' नावाचा दिवा पाहावा. तो लाल असेल, तर काचतंतूतून प्रकाशच पोहोचत नाही. तार कोठे तरी तुटली आहे किंवा फार वाकली आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संच चालत असेल, तर दिवसाचा डेटा संपला आहे काय, हे आधी पाहावे. अनेक योजनांत मर्यादा संपल्यावर वेग ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगात चित्र चालणे अशक्य आहे.

या साऱ्या शोधाचा एक नियम आहे आणि तो मोडता कामा नये. एका वेळी एकच बदल करावा. राऊटर हलविला, बॉक्स पुन्हा सुरू केला आणि वायरही बदलली, असे एकदम केल्यास चित्र कदाचित सुधारेल; परंतु कशाने सुधारले ते कळणार नाही, आणि दोष परत आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून वहीत चार रकाने आखावेत: दिनांक व वेळ, काय बदलले, वेग किती भरला, चित्र कसे दिसले. तक्रार कंपनीकडे नेण्याची वेळ आलीच, तर "नेट चालत नाही" या तीन शब्दांपेक्षा वहीतील आठ दिवसांच्या नोंदी अधिक वजनदार ठरतात.

(४) उपाय

बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत. राऊटर कपाटात, लोखंडी पेटीमागे किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळा ठेवावा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी भिंतींतून त्यातल्या त्यात दूर जातात, पण त्यांवर शेजारच्या राऊटरांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्यांत व्यत्यय आणते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर थकतात. संच राऊटरच्या खोलीतच असेल तर ५, आड भिंत असेल तर २.४ वापरून पाहावे. जाड भिंतींच्या घरात मात्र वायर ओढणे हाच खात्रीचा उपाय होय. नेहमीची इथरनेट वायर १०० मीटरपर्यंत चालते.

स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटलेली असल्यास संचाचा धातूचा भाग लहरी अडवितो. जोडवायरीने ती थोडी बाहेर काढावी. तापणेही कमी होते. तिला तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरवरूनच वीज द्यावी. नको असलेली अॅप काढून टाकावीत, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे, आणि राऊटर व बॉक्स एकदा बंद करून पुन्हा सुरू करावेत. हा शेवटचा उपाय गुणकारी आहे. मात्र दररोज तोच करावा लागत असेल, तर मूळ दोष अद्याप सापडलेला नाही असे समजावे.

उपयोजन

शाळेपुरते एक तत्त्व याहूनही महत्त्वाचे आहे. वर्गातील पाठ वाहत्या धारेवर अवलंबून ठेवू नये. शेतकरी हौद आधी भरून ठेवतो. शिक्षकानेही तसेच करावे. दीक्षा अॅपवरील पुष्कळसे साहित्य आदल्या दिवशी उतरवून घेता येते व इंटरनेटविना दाखविता येते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचा उपयोग याच रीतीने करावा. वाड्यावस्त्यांवरील ज्या मुलाच्या घरी संच नाही, त्याला ते चित्र पाहण्याची संधी आठवड्यातून एकदाच, वर्गातच मिळते. त्याची ती दहा मिनिटे फिरणाऱ्या वर्तुळाकडे पाहण्यात जाऊ नयेत.

हा शोध मुलांकडूनही करवून घ्यावा. पाचवी ते सातवीच्या मुलांचे चार गट करून प्रत्येकास एक परीक्षा द्यावी आणि निष्कर्ष फळ्यावर मांडावेत. अंदाज बांधणे, पडताळणे, नोंद करणे व चुकीचा अंदाज सोडून देणे, हाच विज्ञानाचा पाठ होय.

तसे पाहता, जुन्नर तालुक्यास दूरचे संदेश टिपण्याची विद्या नवी नाही. आर्वी येथील उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील अतिशय क्षीण लहरी टिपतात, आणि त्या काचतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत आणल्या जातात. तेथील शास्त्रज्ञांपुढेही रोज हाच प्रश्न असतो: आलेल्या लहरींत संदेश कोणता आणि गोंगाट कोणता? ओतूरच्या माजघरात मोबाईल हातात घेऊन वेग मोजणारा विद्यार्थी त्याच वाटेवरचे पहिले पाऊल टाकीत असतो, हे त्यास आवर्जून सांगावे.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील संचापर्यंतच्या प्रवाहाची वाट आकृतीने दाखवा व प्रत्येक टप्प्यावर संभवणारा एक दोष लिहा.

२. राऊटरजवळ ३० मेगाबिट, संचाजवळ २८ मेगाबिट, तरीही चित्र धक्के देते. दोष कोणत्या टप्प्यात शोधाल? का?

३. २४ मेगाबिटच्या जोडणीने ९० मेगाबाइटची चित्रफीत उतरविण्यास किती सेकंद लागतील?

४. आपल्या शाळेत कापडाखाली असलेले एखादे साधन निवडा. ते बंद पडल्याचे कारण कोणी, कसे ठरविले होते, याची चौकशी करा. मग कापड काढून ते पुन्हा तपासा.