मागचा ॲक्सल आणि गाडीची उंची : एक जमाखर्च

पावसाळा सरला की खड्ड्यांनी त्रासलेले आमचे काही व्यापारी बांधव एकच विचार बोलून दाखवितात : "गाडी चार बोटे उंच करून घेतली तर?" बेळगावहून अनमोड अथवा चोर्ला घाटाने गोव्याकडे माल धाडणाऱ्यांच्या तोंडी तर हा प्रश्न विशेष असतो. मागचा ॲक्सल बदलून, किंवा त्याची मांडणी फिरवून, गाडी उंच करून देणारे मिस्त्रीही मिळतात. परंतु जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्यावाचून सौदा करणे हे व्यापाऱ्याचे लक्षण नव्हे. म्हणून या विषयाची वही आम्ही येथे उघडीत आहोत.

उंची कोठून येते?

मालमोटारीच्या मागील दोन चाकांना जोडणारा एक अखंड लोखंडी नळा असतो. त्याच्या मध्यभागी जो गोल फुगवटा दिसतो त्यात क्राऊन व पिनियन ही दंतचक्रे फिरतात. गाडीचा जमिनीस सर्वांत जवळ असलेला भाग बहुधा हाच. हा नळा चाकांच्या मध्यातून जातो; म्हणून पाटे कितीही उंचावले तरी फुगवटा होता तेथेच राहतो. वर जातात ती चेसिस, तिच्यावरचा हौदा आणि हौद्यातील माल. म्हणजे दगडावर आपटणारा भाग एका अंगुळानेही न उचलता आपण केवळ ओझे उचललेले असते.

तो फुगवटा खरोखर उचलावयाचा तर मार्ग दोनच. पहिला, चाक मोठे करणे. टायरचा व्यास १०० मि.मी. वाढला तर ॲक्सल त्याच्या निम्मा, म्हणजे ५० मि.मी. वर येतो. दुसरा मार्ग 'पोर्टल' ॲक्सलचा. यात नळा चाकाच्या मध्याहून वर असतो, आणि प्रत्येक चाकापाशी बसविलेली दंतचक्रे त्याची गती खाली चाकापर्यंत पोचवितात. जर्मनीत १९४८ साली शेतीकामासाठी तयार होऊ लागलेल्या युनिमोग गाडीस आरंभापासून असेच ॲक्सल होते. तिच्या चाकांमधील अंतरही बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाने ठरविलेले होते. तेथे उंची मागाहून चढविलेली नव्हे. ती मूळ हिशेबातच धरलेली होती.

आपल्याकडील रीती निराळ्या. १९८५ साली बाजारात आलेल्या मारुती जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खाली असत. ते वर घेऊन ॲक्सलला नव्या बैठका जोडल्या की नळ्याचा व्यास आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी यांच्या बेरजेइतकी उंची मिळते. नळा ७० मि.मी. आणि थप्पी ४० मि.मी. धरली तर ती ११० मि.मी. होते. मालमोटारीत व पिक-अपमध्ये मागचे पाटे बहुधा आधीच वर असतात. तेथे पाटे व ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालतात, अथवा दुसऱ्या जड गाडीचा ॲक्सल आणून त्यावर मोठी चाके चढवितात.

जमेच्या बाजूस यावयाचे ते एवढेच : मोठ्या चाकांस जागा होते, चढउतारावर मागचे टोक घासत नाही आणि पाण्यातून जाताना चेसिस वर राहते.

नावे बाजू

पहिली रक्कम शाफ्टची. गिअरबॉक्सकडून मागे येणारा शाफ्ट दोन टोकांच्या क्रॉसवर फिरतो. तिरप्या क्रॉसमधून गती सारखी जात नाही, ती क्षणाक्षणाला वाढते व घटते. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तरच एकाची चूक दुसरा फेडतो. उंची वाढविताना हे कोन बिघडले की गाडी थरथरते आणि क्रॉस झिजतात.

दुसरी रक्कम ब्रेकची. पुष्कळ मालवाहू गाड्यांत चेसिस आणि ॲक्सल यांमधील अंतरावरून मागील ब्रेकचा दाब ठरविणारा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की चेसिस खाली बसते व मागील ब्रेकला अधिक दाब मिळतो. उंच केलेल्या गाडीत हे अंतर कायमचे वाढते. भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी भासते आणि मागील ब्रेक कमी लागतात.

तिसरी रक्कम सुकाणूची. पुढची व मागची चाके २५०० मि.मी. अंतरावर असताना केवळ मागची बाजू १०० मि.मी. उचलली तर गाडी सुमारे सव्वादोन अंश पुढे झुकते. तितकाच पुढील चाकांचा कोन बिघडतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होण्याचा गुण मंदावतो.

चौथी रक्कम तोलाची. एका ॲक्सलवरील डाव्या-उजव्या चाकांतील अंतरास भारकेंद्राच्या उंचीच्या दुपटीने भागावे. अंतर १५०० व उंची ७०० मि.मी. असता उत्तर १.०७ येते. उंची ८०० केली की ते ०.९४ वर उतरते. गाडी कलंडण्यास पूर्वी तिच्या वजनाच्या १०७ टक्के आडवा जोर लागत होता. आता ९४ टक्के पुरे. पाटे व टायर दबतात म्हणून प्रत्यक्षात गाडी याहूनही लवकर कलते.

पाचवी रक्कम गतीची. टायर दशांशाने मोठा झाला की ॲक्सलचे ४.० हे प्रमाण ४.४ केल्यावाचून पूर्वीची ओढ राहत नाही. गिअरबॉक्सवर चालणारा वेगमापक ६० दाखवितो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते.

आमचीच चूक

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस चुकीनेच मिळाला आहे. आमच्या पेढीच्या पिक-अपला आम्ही हौसेने ठोकळे बसविले. पुढे चालक म्हणू लागला, "शेठ, उतारावर ब्रेक हलका वाटतो." आम्ही त्यालाच सावकाश चालविण्याचा उपदेश केला. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा गाडी तपासून घेतली. तो व्हॉल्व्हची दांडी पार खाली ओढलेली आढळली. अपघात झाला नाही, हे आमचे शहाणपण नव्हे.

कायदा आणि व्रत

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून गाडी भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने, अवैध बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय उंच गाडीत अधिक माल मावेल हा समज खोटा. २०१८ साली चार टायरांच्या एका ॲक्सलची कमाल मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली ती सरकारी अधिसूचनेने. ठोकळ्यांनी ती वाढत नाही.

कायद्याहून जुनी अशी एक मर्यादा आपणांस ठाऊक आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत 'अतिभारारोपण' हा एक आहे. जीवावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे, हा त्याचा अर्थ. बैल तरी ओझे असह्य झाले म्हणजे मटकन खाली बसतो. पगारी चालकास तीही सोय नाही. उंची मालकाच्या हौसेची आणि घाट मात्र चालकाच्या वाट्याचा, असा हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही.

तेव्हा प्रथम चेसिस व ॲक्सल यांतील अंतर मोजून निर्मात्याच्या मापाशी ताडून पाहावे. पुष्कळदा गाडी मुळात बुटकी नसते, पाटे बसलेले असतात. ते बदलले की गेलेली उंची रीतसर परत येते. टायरमधील हवा नेमकी ठेवावी, माल नोंदलेल्या वजनात व खाली दाटून भरावा. रस्ताच तसा असेल तर मूळची उंच गाडी घ्यावी. आणि चालक गाडीविषयी काही सांगू लागला तर पहिल्याच वेळी ऐकावे. एवढे आमच्या बांधवांनी ध्यानी धरले तरी हा जमाखर्च मांडण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.