बरं वाटतंय, म्हणूनच जा

मीनू,

फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, मला काही होतच नाही गं. जिने चढते, लोकलमध्ये उभी राहून येते-जाते, नवरात्रात गरबा खेळते. मग कशाला जायचं डॉक्टरकडे?’ मी तेव्हा वाद घातला नाही. तुझी आई, माझी मामी, शेजारीच होती, आणि तिच्यासमोर ऑपरेशनचा विषय निघाला की तिचा चेहरा उतरतो. पण लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात इतकी वर्षं ड्यूटी केल्यावर तुझं हे ‘काही होत नाही’ मला सोडून देता येत नाही. म्हणून लिहितेय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. घरात सगळे म्हणतात, ‘हिच्या हृदयाला छिद्र होतं, ते बुजवलं.’ छिद्र होतं हे खरं, पण ते चार दोषांमधलं एक. तुझ्या आजाराचं नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. दहा हजार बाळांमागे तीन-चार बाळांना तो असतो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद, महाधमनी नेमकी त्या भोकाच्या वर सरकलेली, आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. मार्सेयच्या डॉ. फॅलो यांनी १८८८ मध्ये हे चारही दोष एकत्र मांडले, म्हणून त्यांचं नाव. अशा हृदयात अशुद्ध रक्त फुप्फुसांत न जाता थेट शरीरात जातं आणि मूल निळं पडतं.

तू चालायला लागलीस तेव्हा अंगणात चार पावलं पळालीस की मटकन उकिडवी बसायचीस. आजी म्हणायची, पोर लाडावलीय. पण ते लाड नव्हते. तसं बसलं की पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडच्या वाटेवर दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. दीड-दोन वर्षांच्या पोरीनं स्वतःवरचा उपाय स्वतःच शोधून काढला होता. मला आजही ओपीडीत एखादं मूल तसं बसलेलं दिसलं की मी आधी त्याची नखं बघते.

या आजाराला पूर्वी उपायच नव्हता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका निळ्या पडलेल्या तान्ह्या मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची, हात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे, आणि ब्लॅलॉकच्या मागे स्टुलावर उभं राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस. ते कृष्णवर्णीय, डॉक्टरकीची पदवी नाही. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हे ऑपरेशन त्यांनीच बसवलेलं. हाताकडची रक्तवाहिनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, एवढंच ते ऑपरेशन होतं. मुलीचा रंग पालटला, पण चारही दोष जागेवरच राहिले. ती मुलगी पुढे फार दिवस जगली नाही. हृदय उघडून दोष आतून दुरुस्त करायला १९५४ उजाडलं. मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी ते केलं, तेही मुलाचं रक्ताभिसरण एका दुसऱ्या जिवंत माणसाशी नळ्यांनी जोडून.

हा इतिहास सांगायचं कारण वेगळं आहे. तुझ्यासारखी हृदयं दुरुस्त करायला लागून अजून शंभर वर्षंही झाली नाहीत. पुढे म्हातारपणापर्यंत काय काय होतं, हे डॉक्टर पहिल्या पिढीच्या रुग्णांकडून शिकले. मेयो क्लिनिकनं १९५५ ते १९६० या काळातल्या ऑपरेशनांचा हिशेब १९९३ मध्ये मांडला. ऑपरेशननंतरचा पहिला महिना पार केलेल्या १६३ जणांपैकी ३२ वर्षांनंतर ८६ टक्के हयात होते. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत हा आकडा ९६ अपेक्षित होता. ज्यांचं ऑपरेशन बाराव्या वर्षानंतर झालं, त्यांच्यात तो ७६ वर आला. म्हणजे मामा-मामींनी दागिने मोडून तुला वेळेवर टेबलावर नेलं, ते सार्थकी लागलं. तेव्हापासून तंत्रही खूप सुधारलंय. पण ८६ आणि ९६ मधलं ते अंतर कशामुळे पडलं, ते तुला कळायला हवं.

तुझी डिस्चार्ज समरी मी पाहिलीय. झेरॉक्स फिकी पडलीय, पण दोन शब्द अजून वाचता येतात, ‘ट्रान्सअॅन्युलर पॅच’. तुझी फुप्फुसाकडची वाट फार चिंचोळी होती. ती रुंद करायला सर्जननं झडपेच्या कड्यावरूनच छेद घेतला आणि तिथं ठिगळ लावलं. दुसरा इलाज नव्हता. वाट मोकळी झाली, पण झडप नीट मिटेनाशी झाली. तेव्हापासून प्रत्येक ठोक्याला फुप्फुसाकडे गेलेलं थोडं रक्त परत उजव्या कप्प्यात येतंय. त्यात कुणाची चूक नाही. त्या वेळी जीव वाचवणं महत्त्वाचं होतं.

हा उजवा कप्पा सोशिक असतो. जास्तीचं रक्त सामावून घेत तो हळूहळू ताणत जातो, आणि वीस-पंचवीस वर्षं एका शब्दानं तक्रार करत नाही. लहानपणापासून तेवढाच दम असल्यामुळे तुलाही तो नॉर्मल वाटतो. परकराचं इलॅस्टिक ताणून ताणून सैल पडलं की पुन्हा आवळत नाही, तसंच याचं. एका हद्दीपर्यंत ताणलेला कप्पा नवी झडप बसवली की पुष्कळसा पूर्ववत होतो. त्या हद्दीपलीकडे गेला की झडप बसवूनही सैलच राहतो, आणि पंचविशी-तिशीतच ठोक्यांची लय बिघडायला लागते. दम लागायची वाट बघत बसलीस तर ती हद्द कधी ओलांडली ते कळणारही नाही. म्हणून म्हणते, बरं वाटतंय तेव्हाच जा.

तिथं काय होईल तेही सांगते, म्हणजे धास्ती नको. ईसीजी काढतील. कागदाच्या वरच्या बाजूला मशीन काही आकडे छापतं. त्यात ‘क्यूआरएस’ शोध. तुझ्यासारख्या रुग्णांत तो १८० मिलिसेकंदांच्या वर गेला की डॉक्टर घातक अनियमित ठोक्यांच्या दृष्टीनं जास्त सावध होतात. ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ असंही लिहिलेलं असेल. या ऑपरेशननंतर तो बहुतेकांना असतो, त्याचा रक्तवाहिनी तुंबण्याशी संबंध नाही. मग टू-डी इको. डाव्या कुशीवर झोपवतील, छातीला गार जेली लावतील. पण उजवा कप्पा इकोत पुरता मापता येत नाही, त्यासाठी कार्डियाक एमआरआय. ‘श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा’ असं पुन्हा पुन्हा सांगतील, कंटाळा येईल, पण कप्प्याचं खरं माप तिथंच मिळतं. गरज वाटली तर चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर आणि ट्रेडमिल. हे सगळं दर वर्षी नसतं. कधी काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. दर वर्षी जायचं मात्र तुला.

आणि समजा, झडप बदलायला सांगितली, तरी आभाळ कोसळलं असं समजू नकोस. २००० मध्ये पॅरिसमध्ये डॉ. बोनहोफर यांनी छाती न उघडता नळीवाटे अशी झडप पहिल्यांदा बसवली. गायीच्या मानेतल्या शिरेची झडप स्टेंटमध्ये शिवून ती नळीतून हृदयापर्यंत नेली. आता आपल्याकडेही नळीवाटे झडप बसवतात. प्रत्येकाच्या हृदयाची ठेवण त्याला जुळत नाही. काहींना पुन्हा छाती उघडावी लागते. तेही होतं, आणि माणसं आठवड्या-दोन आठवड्यांत घरी जातात. शॉन व्हाइट नावाचा अमेरिकन स्नोबोर्डर ऐकून असशील. त्याला जन्मतः हाच आजार. वर्षाच्या आतच त्याची छाती दोनदा उघडली, आणि पुढे त्यानं २००६, २०१० आणि २०१८ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. तू बर्फावरून उड्या मारायच्या की नाही, ते ट्रेडमिलनंतर डॉक्टरांना विचार. गरबा मात्र बिनधास्त खेळ.

आता कुणाकडे जायचं? इथंच तुझ्यासारख्या मुली निसटतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते. नंतर बालरोग विभाग म्हणतो, ‘तू मोठी झालीस’, आणि मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ दिवसभर ब्लॉकेजेस आणि ब्लडप्रेशर बघण्यात बुडालेले. तू कुठल्याच रांगेत नाहीस. म्हणून अपॉइंटमेंट घेताना स्पष्ट विचार, ‘जन्मजात हृदयविकार असलेल्या मोठ्या माणसांना बघणारे कोण आहेत?’ मोठ्या शहरांत आता असे डॉक्टर मिळतात. नाही मिळाले तर मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडेच जा, लाजू नकोस. खर्चाचं म्हणशील तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार. त्यासाठीच तो तिथं बसलेला असतो.

आता लग्नाचं. मामी म्हणते, ‘व्रण पदराखाली झाकला जातो, कशाला सांगायचं?’ तिचं काळीज मला कळतं. स्थळं कशी मोडतात ते तिनं पाहिलंय. तरी माझं ऐक. मुलगा आवडला की बोलणी पक्की व्हायच्या आधी तूच त्याला सांग, चार वाक्यांत. ‘जन्मतः हृदयात दोष होता, लहानपणी ऑपरेशन झालं, आता ठीक आहे, वर्षातून एकदा तपासणी असते, पुढे झडप बदलावी लागू शकते.’ रडून नाही, माफी मागितल्यासारखं तर नाहीच. ऐकून मागे सरला तर सुटलीस म्हण. ‘तपासणीला मीही येतो’ म्हणाला तर घरी घेऊन ये, मला बघायचाय.

मूल होणार का, हा प्रश्न तू तोंडानं विचारला नाहीस, पण मला ऐकू आला. दुरुस्ती चांगली झालेल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं नीट होतात. पण गर्भारपणात रक्ताचं प्रमाण खूप वाढतं आणि उजव्या कप्प्यावरच भार येतो, म्हणून दिवस राहण्याआधी तपासणी, नंतर नाही. बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. इतरांच्यात ती एकच्या आसपास. काही रुग्णांत बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा नसतो. तसं असेल तर तो दोष बाळाकडे जाण्याची शक्यता शंभरात पन्नास असते. म्हणून त्याची रक्ततपासणी आधीच करून घे. आणि अठरा ते बावीस आठवड्यांत बाळाच्या हृदयाची इको, ती चुकवायची नाही.

बारीकसारीक चार गोष्टी. दातांची काळजी घे, हिरड्यांतले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसतात. दात काढायचा असेल किंवा लग्नासाठी नाक टोचायचं असेल, तर आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. ताप आठवडाभर हटला नाही तर औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून गिळू नकोस. आधी ब्लड कल्चर, मग गोळी. आणि भोवळ येऊन पडलीस किंवा उगीचच जोरात धडधडायला लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

या रविवारी आईच्या कपाटातली फाईल काढ. समरी आणि ऑपरेशन नोट यांचे मोबाईलवर फोटो घेऊन मला पाठव, एक प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेव. ती कागदपत्रं आता तुझ्या ताब्यात हवीत, मामीच्या नाही. सोमवारी फोन करून तारीख घे आणि मला कळव. मी रजा टाकते. तुझ्यासोबत मामीलाही घेऊन जाऊ. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की तिचीही भीती थोडी कमी होईल.

तुझी,
ताई