हप्ता मोबाइलवर, मग कार्ड कोरं का?

प्रश्न : आमच्या गटाच्या कर्जाचा हप्ता वसुलीवाले भाऊ आता क्यूआर कोडवर घेतात. ‘मेसेज येतो, कार्डाची गरज नाही,’ म्हणतात. माझा फोन साधा आहे. काय करू?
– एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : ताई, कार्ड सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या सूक्ष्म कर्ज नियमांनुसार प्रत्येक हप्ता मिळाल्याची पोच कर्ज-कार्डावर हवी, तीही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. मेसेज हा त्याला पर्याय नाही. (तो अनेकदा इंग्रजीत येतो, हे वेगळंच!)

तुमचा फोन साधा म्हणून घरातल्या कुणाच्या फोनवरून पैसे भरत असाल, तर पडद्यावर नाव कुणाचं येतं ते बघा. कर्ज देणाऱ्या कंपनीऐवजी वसुलीवाल्याचं नाव दिसलं तर तिथंच थांबा. तो हप्ता कंपनीच्या खात्यात गेलाच नाही, तर तुम्ही थकबाकीदार दिसाल. ती नोंद क्रेडिट ब्युरोकडे गेली की पुढचं कर्ज अडतं. गटाच्या बैठकीत ‘हजेरीसाठी’ म्हणून यंत्रावर अंगठा मागितला तर आधी कारण विचारा. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे निघतात.

मोबाइलवरचा भरणा वाईट नाही, बैठकीत रोकड मोजण्याचा ताप वाचतो. पण कार्डावर पोच मिळत नसेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.