आवक सगळे पाहतात, जावक कोण पाहतो?

मेल सर्व्हर बंद पडला की लोक फार घाबरतात. तेवढं घाबरण्याचं कारण नसतं. पाठवणाऱ्याचा सर्व्हर ती मेल आपल्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो; निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत, असं एसएमटीपीच्या मानकातच म्हटलेलं आहे. शनिवारी रात्री बसलेलं मशीन सोमवारी सकाळी उभं केलं तरी बहुतेक सगळी मेल येऊन पोचते. घाबरायची वेळ वेगळी असते. सर्व्हर ठणठणीत चालू आहे, लोक मेल पाठवताहेत आणि समोरचे सर्व्हर ५५० क्रमांकाचा नकार देऊन ती परत करताहेत, कारण आपला आयपी पत्ता काळ्या यादीत गेला आहे. बंद मशीन तासाभरात सुरू होतं. गेलेली पत परत यायला आठवडे लागू शकतात.

हे मी एका औद्योगिक वसाहतीतल्या, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जवळून पाहिलं. तिथे पुढे ओपनबीएसडीचं मशीन फायरवॉल म्हणून होतं, त्यावर पीएफ. मागे दुसऱ्या ओपनबीएसडीवर मेलसाठी ओपनएसएमटीपीडी आणि डव्हकॉट. बाहेरच्या जगासाठी एकच स्टॅटिक आयपी. मेलही त्याच पत्त्यावरून आणि ऑफिसमधल्या सगळ्या पीसींचं इंटरनेटही त्याच पत्त्यावरून, नॅट करून. ज्या एजन्सीने हे बसवून दिलं होतं तिने आत येण्याचे नियम चोख लिहिले होते: २५, ५८७, ९९३ आणि सर्टिफिकेटसाठी ८० एवढे पोर्ट उघडे, बाकी सगळं बंद. बाहेर जाण्यासाठी मात्र एकच ओळ होती: सगळ्यांना सगळीकडे जाऊ द्या. बहुतेक ठिकाणी मला अशीच ओळ सापडते.

एके दिवशी जर्मनीतल्या ग्राहकाला पाठवलेलं कोटेशन परत आलं. नकाराच्या ओळीत स्पॅमहाउसच्या यादीचं नाव होतं. दुपारपर्यंत आणखी पाच-सहा लोकांच्या मेल परत आल्या आणि मार्केटिंगचे साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी रांग पाहिली, स्वच्छ. मेल लॉग पाहिला, त्यातही वावगं काही नाही. रोज जेवढी मेल जाते तेवढीच गेलेली. सर्व्हरने स्पॅम पाठवलाच नव्हता. मग फायरवॉलच्या बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडंप लावून फक्त पोर्ट २५ पाहिला, आणि स्क्रीन थांबेचना. आमच्याच पत्त्यावरून सेकंदागणिक नवनव्या सर्व्हरकडे कनेक्शन उघडत होती. बाहेरच्या बाजूला नॅट होऊन गेलेलं असतं, त्यामुळे तिथे सगळं एकाच पत्त्याचं दिसतं. आत नेमकं कोण आहे ते कळत नाही. तेच टीसीपीडंप आतल्या इंटरफेसवर लावलं तेव्हा अकाउंट्स विभागातला एक पीसी सापडला. इनव्हॉइसच्या नावाने आलेली फाइल तिथे कोणीतरी उघडली होती. त्या फाइलीतून आलेला प्रोग्रॅम आमच्या मेल सर्व्हरला विचारतही नव्हता. तो स्वतःच जगभरच्या सर्व्हरशी थेट बोलत होता.

त्या पीसीवर बसणाऱ्या मुलीला त्या दिवशी नको तेवढी बोलणी खावी लागली. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दिवसाला शंभर इनव्हॉइस उघडणं हेच जिचं काम, तिच्या हातून एखादी खोटी फाइल उघडली जाणारच. पीसीने थेट बाहेरच्या पोर्ट २५ ला जाण्याचं काहीही कारण नसताना ती वाट उघडी ठेवणं, हा खरा दोष.

एवढ्याने अख्ख्या कारखान्याची मेल का अडावी, असं मालकांनी विचारलं. त्याचं उत्तर एसएमटीपीच्या जन्मात आहे. हा प्रोटोकॉल १९८२ चा. पाठवणाऱ्याने आपलं नाव काहीही सांगावं आणि घेणाऱ्याने ते मान्य करावं, अशीच त्याची मूळ घडण आहे. नावावर विसंबता येत नाही म्हटल्यावर घेणारा सर्व्हर जे सहजी खोटं करता येत नाही त्याकडे पाहतो, आणि ते म्हणजे कनेक्शन ज्या आयपीवरून आलं तो पत्ता. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क नंतर आले आणि ते हवेतच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर त्याबाबत सक्तीच केली आहे. पण त्या तिन्ही नोंदी बिनचूक असूनही पत्ता बदनाम असेल तर मेल दारातूनच परत जाते. आमचं तसंच झालं.

सरकारी कचेरीत आवक-जावक अशी दोन रजिस्टरं असतात आणि जावक क्रमांक पडल्याशिवाय कागद बाहेर पडत नाही. फायरवॉलवरही हाच रिवाज हवा. आम्ही मेलचं मशीन फायरवॉलच्या तिसऱ्या कार्डावर वेगळं काढलं आणि ऑफिसच्या बाजूच्या इंटरफेसवर एक नियम लिहिला: इथून कुठल्याही पत्त्याच्या पोर्ट २५ कडे जाणारं कनेक्शन अडवा आणि लॉग करा. नियम आतल्या बाजूला लिहिला तो मुद्दाम, म्हणजे लॉगमध्ये नेमका पीसी दिसतो. लोकांनी आपली मेल ५८७ वरून, पासवर्ड देऊन, आपल्याच सर्व्हरकडे द्यायची. २५ वरून जगाशी बोलायचं ते एकट्या मेल मशीनने.

लिनक्सवरच्या आयपीटेबल्सची सवय असलेल्यांनी इथे जपून राहावं. तिथे जुळणारा पहिला नियम निकाल लावतो. पीएफमध्ये जुळणारा शेवटचा. वर अडवलेलं खाली एखाद्या सैल नियमाने पुन्हा मोकळं होतं. अडवणाऱ्या नियमात 'क्विक' लिहिलं की तपासणी तिथेच थांबते. (२००१ मध्ये आयपीफिल्टरच्या परवान्यावरून वाद झाला तेव्हा डॅनियल हार्टमायर यांनी पीएफ लिहिलं, आणि त्याच डिसेंबरात ते ओपनबीएसडी ३.० मध्ये आलं. नियमांची फाइल मराठी माणसालाही वाचून कळावी इतकी सरळ असते, हा त्याचा मोठा गुण.) दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नवे नियम चढवले तरी आधी उघडलेली कनेक्शन चालूच राहतात, कारण त्यांची नोंद स्टेट टेबलमध्ये झालेली असते. नियम लिहिला, चढवला आणि स्पॅम तरीही चालूच, असं पाहून माणूस गोंधळतो. पीएफसीटीएलला 'के' हा पर्याय देऊन त्या पत्त्याची स्टेट मारावी लागतात. त्याहून आधी केबल काढावी, हे वेगळं सांगायला नको.

नियम चढवल्यावर दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार आली ती झेरॉक्स मशीनची. स्कॅन केलेले कागद मेलवर पाठवण्यासाठी ते पोर्ट २५ वापरत होतं, पासवर्डाशिवाय. मग कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरची तक्रार आली. अशा यंत्रांसाठी सगळ्यांची वाट पुन्हा मोकळी करू नका. झेरॉक्सला स्वतंत्र खातं देऊन ५८७ वर आणलं. डीव्हीआर जुना होता, त्याला ते जमेना. त्याच्या एका पत्त्यावरून आपल्या मेल मशीनपुरतीच २५ ची परवानगी दिली, पुढे कुठे नाही. आयपीव्ही६ चालू असेल तर तिकडेही हाच नियम आहे ना, ते पाहा. नियमात फक्त आयपीव्ही४ चे पत्ते लिहिलेले असले तर आयपीव्ही६ ची वाट मोकळीच राहते.

या नियमाचा जो फायदा मला आधी सुचलाच नव्हता तो लॉगचा. त्या डीव्हीआरची परवानगी सोडली तर ऑफिसमधून २५ वर आता कोणी जाण्याचं कारणच उरलं नाही, त्यामुळे लॉगमध्ये एक जरी नोंद दिसली तरी ते मशीन बिघडलेलं, एवढं नक्की कळतं. अँटिव्हायरसच्या आधी या नोंदीने आम्हाला बाधित लॅपटॉप दाखवून दिले आहेत. पण मूळ मांडणीत पीएफचा लॉग अडीचशे केबी झाला की फिरतो आणि जुन्या तीनच प्रती राहतात. मेल लॉगच्या रोजच्या अशा सात. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि त्यात सांगितलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. लॉग फिरवणाऱ्या न्यूसिसलॉगची फाइल आधीच दुरुस्त करून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय करा. घटना घडून गेल्यावर सात दिवसांपलीकडचं काही हाती लागत नाही.

काळ्या यादीतून नाव काढण्याची घाई करू नये. कारण शोधून ते बंद केल्याशिवाय अर्ज केला तर पत्ता काढला जातो आणि पुन्हा चढतो, आणि दुसऱ्या खेपेला ते जड जातं. आम्हाला यादीतून लवकर काढलं. पण मोठमोठे मेलवाले आपापला हिशोब वेगळा ठेवतात, आणि तो विसरायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढ्या काळात जर्मनीचं कोटेशन फॅक्सने पाठवलं. पुढे कारखान्याने दुसरा स्टॅटिक आयपी घेतला, मेल त्यावर ठेवली आणि ऑफिसचं ब्राउझिंग जुन्यावर. परवडत असेल तर हे पहिल्या दिवसापासूनच करा, आणि मेलच्या पत्त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद इंटरनेट देणाऱ्याकडून तेव्हाच करून घ्या.

पीसीची वाट बंद झाली की उरते सर्व्हरची स्वतःची वाट, म्हणजे चोरीला गेलेला पासवर्ड. पीएफमध्ये एकाच पत्त्यावरून भराभर येणारी कनेक्शन मोजून तो पत्ता टेबलमध्ये टाकून अडवता येतो. ते जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. आता पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न शेकडो पत्त्यांवरून, प्रत्येकावरून एक-दोन असे सावकाश होतात. तुमची मोजणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे इथेही जावकच मोजावी लागते. मेलच्या रांगेत किती मेल थांबल्या आहेत ते दर पाच मिनिटांनी पाहणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये ठेवा आणि आकडा नेहमीच्या दुपटीतिपटीवर गेला की इशारा येऊ द्या. तो इशारा मेलने मागवू नका, कारण तोही त्याच रांगेत जाऊन बसेल. मोबाइलवर मेसेज यायला हवा.

आणि मेल मशीनच फुटलं तर? ही शंका पोकळ नाही. जानेवारी २०२० मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएमटीपीडीमधलं असं भोक जाहीर केलं की पाठवणाऱ्याचा पत्ता विशिष्ट प्रकारे लिहून कोणालाही त्या मशीनवर रूटच्या अधिकारात हुकूम चालवता येत होता. ते मे २०१८ पासून तिथे होतं. सुरक्षिततेसाठी इतकी काळजी घेणाऱ्या ओपनबीएसडीच्या लोकांच्या प्रोग्रॅममध्ये हे झालं, म्हणजे कुठेही होऊ शकतं. आमच्याकडे पॅच आल्या दिवशीच सिसपॅचने लावला. पण पॅच यायच्या आधीच्या काळाचं काय? असे हल्ले पहिल्या हुकमात बहुतेकदा बाहेरून आणखी काही उतरवून घेतात. म्हणून मेल मशीनलाही जावक मोजूनमापून दिली आहे: २५ जगाकडे, डीएनएस आणि घड्याळ ठरलेल्या सर्व्हरकडे, बस्स. पॅच आणि सर्टिफिकेटसाठी लागणारा ४४३ रात्रीच्या ठराविक वेळेत क्रॉन उघडतो आणि बंद करतो.

हे सगळं लांबून, एसएसएचवरून करत असाल तर नियम चढवण्याआधी फक्त तपासणीचा पर्याय देऊन फाइल वाचून घ्या, 'अ‍ॅट'ने दहा मिनिटांनी जुनी फाइल आपोआप चढेल अशी तजवीज करा, आणि चालू खिडकी बंद न करता दुसरी नवी उघडून पाहा. चालू खिडकी जुन्या स्टेटच्या जोरावर जिवंत राहते. ती चालते म्हणून नियम बरोबर आहेत असं समजू नका.

तुमच्या हाती एखाद्या ऑफिसचं, शाळेचं, पतसंस्थेचं फायरवॉल असेल तर आजच आतल्या इंटरफेसवर पोर्ट २५ साठी टीसीपीडंप लावा आणि कामाचा एक पूर्ण दिवस चालू ठेवा. मेल सर्व्हर सोडून बाहेर जाणारा एकही पत्ता दिसला, तर ते मशीन आधी नेटवर्कवरून काढा. चौकशी नंतर, आणि ती माणसाची नको, नियमाची करा.