हॅरी सायडलर : मनोरा आणि चौक

व्हिएन्नात १९२३ साली जन्मलेले हॅरी सायडलर नाझींच्या छळामुळे किशोरवयातच मायभूमीला पारखे झाले. हार्वर्डमध्ये ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून १९४८ मध्ये ते सिडनीस आले. आईवडिलांसाठी बांधलेल्या घराने त्यांना तेथे कीर्ती मिळवून दिली.

पुढे ‘ब्लूज पॉइंट टॉवर’ (१९६२) या उंच इमारतीवर मात्र कठोर टीका झाली. बंदराकाठी ती अनेकांना खुपली. याउलट ‘ऑस्ट्रेलिया स्क्वेअर’ (१९६७) पाहावा. येथे अनेक लहान भूखंड एकत्र करून सायडलर यांनी पन्नास मजली गोल मनोरा उभारला. त्याने जागेचा जेमतेम चतुर्थांश व्यापला. पायथ्याशी पादचाऱ्यांना प्रशस्त चौक लाभला. उंच इमारत शहराला काय देते, हे शिखरावर नव्हे, पायथ्याशीच ठरते.