बाण कापताना

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये लोखंडी पाइप आणि चॅनेल कापले जातात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्यावर सुवर्ण मिळवलं. त्यानंतर इकडची धनुर्विद्या शिकणारी पोरंही कार्बनचे शाफ्ट, म्हणजे बाणाच्या नुसत्या नळ्या, घेऊन येऊ लागली. "काका, एवढ्या कापून द्या." त्या कामातून हाती लागलेलं लिहितो.

१. किती कापायचं ते कोच ठरवणार, मशीनवाला नाही. लांबी नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोपणाच्या, खाचेपासून नळीच्या टोकापर्यंत धरतात, पॉइंट, म्हणजे पुढची अणी, सोडून. धनुष्य पूर्ण ओढल्यावर नळीचं टोक रेस्टच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेच्या, पुढेच राहायला हवं. नळी आखूड केली की ताठ होते आणि बाणाची चाल बदलते. वाढत्या वयाच्या पोराला मी इंचभर जादा ठेवायला सांगतो.

२. हॅकसॉ आणि पाइप कटर बाजूला ठेवा. दात अडकला की कार्बनचे धागे फाटतात, पाइप कटरने नळी चिरडते. दात नसलेली पातळ कटिंग डिस्कच हवी. तिच्यावर छापलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नसावा. मधल्या लोखंडी कड्यावर मुदतही छापलेली असते, ती कुणी वाचत नाही.

३. ग्राइंडर हातात धरून बाण कापायचा नाही. मशीन टेबलाला पक्कं बांधलेलं, गार्ड जागेवर, नळी दोन आधारांवर आणि मागचं टोक स्टॉपरला टेकलेलं. डिस्कला हलकेच लावून नळी बोटांनी पूर्ण एक फेरा फिरवायची. मग काप गुण्यात, म्हणजे काटकोनात, येतो.

४. कापडी हातमोजे नकोत, फिरती डिस्क मोज्यासकट बोट ओढते. गळ्यातला गमछाही काढा.

५. खरी भीती धुळीची. लोखंडाची ठिणगी दिसते, चटका बसतो, माणूस मागे सरतो. कार्बनची काळी भुकटी तशी जाणवत नाही. ती छातीत जाते, कातडीत टोचते, डोळ्यात गेली तर चोळायची सोय नाही. रुमाल बांधून भागत नाही. धुळीचा घट्ट बसणारा मास्क आणि बंद चष्मा घाला, व्हॅक्यूमचं तोंड कापाजवळच ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखाली मास्क नकोसा होतो, तरी काढू नका. आणि पंखा? तो बंदच, नाहीतर भुकटी शेडभर होते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. ही भुकटी स्विचमध्ये किंवा मोटारीत गेली की शॉर्ट होतो, म्हणून हे काम सीएनसीच्या पॅनेलपासून लांब घेतो. हवेच्या पाइपने फुंकर मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो.

६. कापलेलं तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ करा. आतली धूळ पुसली नाही तर इन्सर्टचा, म्हणजे पॉइंट बसवायच्या आतल्या तुकड्याचा, गोंद धरत नाही. मग कापसाचा बोळा नळीवरून फिरवा, तंतू अडकला तर तिथे चीर असते. शेवटी चष्मा ठेवूनच, तोंडापासून लांब धरून नळी चारी बाजूंनी थोडी वाकवा आणि कान द्या. करकर आली तर तिथेच मोडून टाका. चिकटपट्टी लावून सरावाला देऊ नका. चिरलेला बाण सुटताना तुटतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.